बा-कुटीपासून कस्तुरबा दवाखान्यापर्यंत

सेवाग्रामच्या आश्रमात जमनालालजी बजाज यांच्या पुढाकाराने कस्तुरबांसाठी उभारलेली बा-कुटी आजही पाहावयास मिळते. परंतु १९४२ च्या ऑगस्टात मुंबईस अटक होऊन पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध झालेल्या बा त्या कुटीत पुन्हा परतल्या नाहीत, आणि त्यांच्या अखेरच्या आजाराचा वृत्तांत वर्धा जिल्ह्याच्या वैद्यकीय इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, असे माझे मत आहे.

त्या आजारात श्वासनलिकेचा जुना दाह आणि हृदयाचा विकार एकमेकांत गुंतले होते. शुश्रूषेस सोबत स्थानबद्ध असलेल्या डॉ. सुशीला नय्यर होत्या, आणि पुढे मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर हेही बंदी म्हणून तेथे आणले गेले. आडवे पडले की जीव घुसमटे, म्हणून बांना अंथरुणातच बसवून ठेवावे लागे, आणि पुढे वाकून डोके टेकता यावे याकरिता एक लहानसे लाकडी मेज त्यांच्यापुढे ठेवलेले असे. बाहेरचा वैद्य बोलवावयाचा तर सरकारदरबारी अर्ज करावा लागे आणि परवानगीस विलंब होई. लाहोरच्या वैद्य शिवशर्मांना तर रात्री राजवाड्यात राहण्याची मुभा नसल्याने फाटकाबाहेर मोटारीत झोपावे लागले, ही हकिकत वाचताना आजही मन विषण्ण होते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बांचे देहावसान झाले.

त्यानंतर सुशीलाबेननी सेवाग्रामात जो दवाखाना चालविला, त्यातूनच १९४५ मध्ये स्त्रिया व बालके यांच्यासाठी १५ खाटांचे कस्तुरबा रुग्णालय आकारास आले आणि १९६९ मध्ये, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते व घरोघर जाते, ही प्रथा मला इमारतींहून मोलाची वाटते.

कारण थकत चाललेल्या हृदयाच्या पूर्वखुणा दवाखान्यापूर्वी घरात उमटतात. कापूस वेचणारी बाई एरवी सहज चालत असे त्या वाटेवर तिला धाप लागते. संध्याकाळी पायांवर सूज चढते, नडगीवर अंगठा दाबला असता पडलेला खळगा लवकर भरत नाही. उशाला एकावर दोन गोधड्या लागू लागतात, मध्यरात्री दम कोंडून जाग येते. आणि अन्न कमी जात असूनही चार दिवसांत वजन दोन किलोंनी वाढते, कारण ते शरीरात साचलेले पाणी असते. कित्येक वर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब किंवा बालपणीच्या सांधेज्वराने दुखावलेली हृदयाची झडप, अशी त्यामागे कारणे असू शकतात. तथापि ‘वय झाले’ किंवा ‘कामाचा शीण आहे’ म्हणून हे सारे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, पुढे ढकलले जाते, आणि जिला मूत्रल औषधाने पहिल्याच आठवड्यात आराम पडला असता ती बाई फुप्फुसांत पाणी भरल्यावर मध्यरात्री बैलबंडीत वा जीपमध्ये घालून वर्ध्यास आणावी लागते. म्हणून ती रात्री कशी निजते आणि पाण्यास जाताना वाटेत किती वेळा थांबते, हे दोन प्रश्न तिच्या सुनेलाही विचारावेत.