मालकाची उचल : जमाखर्चातील एका संज्ञेचा विचार

लहान दुकानदाराच्या वहीत नोकराचा पगार असतो, गाळ्याचे भाडे असते, हमाली असते. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसणाऱ्या मालकाच्या श्रमाचे मोल बहुधा कोणत्याच सदरात आढळत नाही. त्याने घरी नेलेला पैसा ‘उचल’ किंवा ‘घरखर्च’ या नावाने लिहिला जातो. या संज्ञा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी निर्माण झाल्या, असे मानून भागणार नाही. मालकाने स्वतःस काय द्यावे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर त्यांत साठविलेले आहे.

मराठी जमाखर्चाची परिभाषा मिश्र आहे. ‘जमा’, ‘खर्च’, ‘नफा’ हे शब्द मूळ अरबी असून फारसीच्या द्वारे आले. ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला. ‘मुशाहिरा’ या शब्दाच्या मुळाशी महिना या अर्थाचा अरबी शब्द आहे. दुसऱ्यास द्यावयाच्या मोबदल्यासाठी भाषेने परके शब्द खुशाल स्वीकारले. मालकाने स्वतः घ्यावयाच्या रकमेला मात्र ‘उचलणे’ या घरगुती क्रियापदापासून सिद्ध झालेले नाम पुरले. पगार ठरतो, उचल गरजेप्रमाणे केली जाते. मुलीचे लग्न निघाले की ती वाढते, माल भरण्याचा हंगाम आला की आखडते. ऊसतोडणी मजूर हंगामापूर्वी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतो तिलाही उचलच म्हणतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मालकाची उचल त्याच्या भांडवलातून वजा होते, मजुराची त्याच्या मजुरीतून.

उचलीच्या आड दडलेली ही मजुरी अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात नेमकी हेरली होती. लहान बंदरातील वाणी १०० पौंडांच्या भांडवलावर ४० ते ५० टक्के नफा मिळवितो, तर त्याच गावच्या मोठ्या घाऊक व्यापाऱ्यास १०,००० पौंडांवर ८ ते १० टक्केही जेमतेम सुटतात. वाणी अधिक लोभी असतो म्हणून हे घडते काय? स्मिथचे उत्तर असे की, त्याला लिहिता-वाचता व हिशेब करता आला पाहिजे, पन्नास-साठ जिनसांची पारख असली पाहिजे; भांडवलाचा रास्त नफा वजा केल्यास उरते ती त्याची मजुरीच होय.

कायद्याने मात्र हा भेद दीर्घकाळ मानला नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमानुसार, तसा करार नसल्यास, धंद्याच्या कामाबद्दल भागीदारास मोबदला मागता येत नाही. पेढीने भागीदारास दिलेले वेतन १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमाने खर्च म्हणून नाकारले, व १९६१ च्या अधिनियमाने तेच धोरण पुढे चालविले. १९९२ च्या वित्त अधिनियमाने ते पालटले. व्यापारी पेढीच्या पहिल्या ७५,००० रुपये हिशेबी नफ्यावर ५०,००० रुपये किंवा ९० टक्के, यांपैकी जी अधिक ती रक्कम काम करणाऱ्या भागीदारांचे वेतन म्हणून मान्य झाली. या मर्यादा पुढे वाढविल्या गेल्या. वेतनाचा प्रश्न त्यामुळे सुटला असे म्हणवत नाही. श्रमाच्या मोलाऐवजी कराची मर्यादाच भागीदारीपत्रात उतरविण्याचा मोह त्यातून उत्पन्न झाला. एकट्या मालकाला तर तीही वाट नाही, कारण स्वतःशी करार करता येत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे न्यूझीलंडमधील ली खटल्यावरून दिसते. विमानातून शेतावर खत फवारणाऱ्या ली याने कंपनी स्थापिली होती. तिच्या ३,००० भागांपैकी २,९९९ त्याचे स्वतःचे. तोच नियामक संचालक, व पगारी मुख्य वैमानिकही तोच. १९५६ मध्ये काम करीत असता विमान कोसळून तो मरण पावला, आणि त्याच्या विधवेने कामगार म्हणून त्याची भरपाई मागितली. हुकूम देणारा व पाळणारा एकच असेल तर तो कामगार कसा, असे म्हणून तेथील अपील न्यायालयाने मागणी फेटाळली. १९६० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला : कंपनी ही वेगळी व्यक्ती असून तिने लीला नोकरीस ठेवले होते. त्याने आपल्या कष्टाला उचल न म्हणता पगार म्हटले होते, आणि तो पगार देणारी कंपनी कायद्याच्या दृष्टीने दुसरी होती. म्हणूनच त्याच्या विधवेला भरपाई मिळाली.