भिंतीतले मोहोळ

आपल्या भाषेत मोहोळ बहुधा 'उठते'. आठवणींचे असो वा टीकेचे, ते डिवचले गेल्यावरच आपल्याला दिसते. भिंतीत शांतपणे नांदणाऱ्या मोहोळासाठी आपल्याकडे वाक्प्रचार नाही. मात्र त्याचा इतिहास आहे.

विल्यम मूरक्रॉफ्ट हा ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य. उमद्या घोड्यांच्या शोधात निघालेला हा प्रवासी १८२२-२३ साली काश्मिरात होता. १८२५ मध्ये तो वारला. त्याचे प्रवासवर्णन १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील शेतकरी घर बांधतानाच भिंतीत मधमाश्यांसाठी आरपार नळकांड्यासारखी पोकळी ठेवत, असे त्यात नोंदलेले आहे. आतल्या तोंडावर मातीची थाळी लिंपलेली, बाहेरच्या थाळीला माशीपुरते छिद्र. मध काढताना घरधनी आतली थाळी सोडवी आणि पेंढ्याचा धूर फुंकी. माश्या बाहेर पडत, तो जवळची पोळी कापून घेई आणि थाळी पुन्हा बसवी. माश्या परतत.

त्याच काळात इंग्लंडमध्ये मधासाठी टोपलीतली अख्खी वसाहत जळत्या गंधकाच्या धुराने मारण्याची रीत रूढ होती. हलत्या चौकटींच्या पेटीचे पेटंट अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांना मिळाले ते १८५२ साली. न मारता मध घेण्याची विद्या काश्मीरच्या भिंतींत त्याआधीच नांदत होती.

आज भिंतीतली सातेरी हलवणारा जाणकार याच विद्येचा वारस आहे. तो भिंत उघडतो, पिल्लांची पोळी कापून चौकटींना दोऱ्याने बांधतो, राणी पेटीत नेतो. मग कामकरी माश्या तिच्यामागे येतात. पोकळी रिकामी करून बुजवणेही तितकेच महत्त्वाचे. विषारी फवाऱ्याने माश्या मरतात, पण मेण आणि मध आतच राहतात. मध पाझरतो, मुंग्या येतात, आणि उरलेल्या वासाने पुढचा थवा तीच जागा शोधत येतो.

तेव्हा भिंत दोनदा फोडावी लागते. मूरक्रॉफ्टने पाहिलेल्या घरधन्याला ती एकदाही फोडावी लागत नव्हती. पाहुणा येणार हे गृहीत धरूनच त्याने ती बांधली होती. आपण मात्र पाहुण्याला घुसखोर म्हणतो, आणि मोहोळ उठल्याची तक्रार करतो.