अन्ननलिकेतील इओसिनोफिल : एका निदानाचा इतिहास

इओसिन या रंगद्रव्याने गडद लाल रंगणाऱ्या कणांच्या पेशी पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये वर्णिल्या. जठरात आणि आतड्यांत या इओसिनोफिल पेशी एरवीही असतात. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्या नसतात. त्यामुळे तिथल्या बायॉप्सीत त्या दिसल्या की काहीतरी बिघडले आहे एवढे नक्की. नेमके काय बिघडले, हे उलगडायला बराच काळ गेला.

१९८२ मध्ये हारलँड विंटर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या बायॉप्सींवरून इओसिनोफिल हे आम्ल वर येण्याने होणाऱ्या दाहाचे लक्षण ठरवले. निरीक्षण खरे होते, कारण आम्लामुळेही थोड्या इओसिनोफिल अस्तरात शिरतात. पण त्यानंतर या पेशी दिसल्या की आम्लदाह म्हणायचे, असा शिरस्ताच पडला. घास अडकतो म्हणून येणाऱ्या आणि आम्लाच्या औषधांनी बरे न वाटणाऱ्या रुग्णांवर त्यात अन्याय झाला.

ही गाठ १९९३ मध्ये स्टीफन अ‍ॅटवुड आणि सहकाऱ्यांनी सोडवली. त्यांच्या १२ रुग्णांना गिळताना त्रास होता आणि बायॉप्सीत सूक्ष्मदर्शकाच्या उच्च विवर्धनाखालील एका क्षेत्रात २० पेक्षा जास्त इओसिनोफिल होत्या. तरीही ११ जणांची २४ तासांची आम्लमोजणी सामान्य निघाली. आम्लदाहात ही संख्या फारच कमी असते. पेशी तीच, पण तिच्या संख्येवरून वेगळा आजार ओळखता आला, हे या कामाचे खरे मोल. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधून आलेक्स स्ट्राउमान यांनी असेच रुग्ण नोंदवले. १९९५ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये १० मुलांना नेहमीच्या अन्नाऐवजी अमिनो आम्लांचा आहार दिला गेला. आठ मुलांची लक्षणे पूर्ण गेली, दोघांची कमी झाली. मूळ अन्नाच्या अ‍ॅलर्जीत असल्याचे त्यातून दिसले.

२००७ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने निदानासाठी अशा एका क्षेत्रात किमान १५ इओसिनोफिल ही मर्यादा ठरली. आधी आम्लरोधक औषध देऊन पाहण्याची अट तेव्हा होती. २०१८ मध्ये ती काढून टाकली, कारण याच आजाराचे काही रुग्ण त्या औषधानेही सुधारतात. दाह ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, म्हणून निरनिराळ्या उंचीवरून किमान सहा तुकडे घेण्याची शिफारस आहे.

दरम्यान २००६ मध्ये कार्लोस रुबियो यांनी लिम्फोसाइटांनी भरलेल्या पण इओसिनोफिल जवळजवळ नसलेल्या बायॉप्सी वर्णिल्या. तो स्वतंत्र आजार आहे की अनेक कारणांनी उमटणारी खूण, यावर विकृतिशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.