अधिवृक्क ग्रंथींच्या गाठींचे प्रतिमानिदान

मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतील गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे सीटी, एमआरआय वा पेट स्कॅनवरून ठरवण्याची पद्धत. यांतल्या बऱ्याच गाठी पोटाचा स्कॅन दुसऱ्याच कारणासाठी काढताना सापडतात. शंभर प्रौढांच्या स्कॅनमागे साधारण चार-पाचांत अशी गाठ दिसते आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. ग्रंथीच्या बाह्यकाचा कर्करोग मात्र दहा लाख लोकांत वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होतो.

निकाल बहुधा साध्या सीटीवरच, म्हणजे शिरेतून औषध न टोचता काढलेल्या स्कॅनवर, लागतो. घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाणी ०, हवा उणे १०००. अॅडेनोमा या साध्या गाठीच्या पेशींत बहुधा चरबी भरपूर असल्याने आकडा खाली येतो. गाठ एकजिनसी आणि आकडा १० किंवा कमी असेल, तर ती साधी. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार मग आकार कितीही असो, पुन्हा स्कॅन नको. ४ सेंमीपेक्षा मोठी आणि २० एककांहून घन किंवा विषम गाठ दिसली, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. मधल्या गाठींसाठी एमआरआय, पेट किंवा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि पोटदुखी हे त्या आजाराचे नेहमीचे लक्षण. अशा दुखण्यासाठी थेट औषध टोचून काढलेल्या सीटीत गाठ दिसली, तर टोचलेल्या औषधाने आकडा वाढलेला असतो आणि साधी गाठही संशयास्पद वाटते. जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाने तेवढ्यासाठी सुरत किंवा मुंबई गाठण्याआधी साधा सीटी करून घेणे शहाणपणाचे. सोबत सीडी न्यावी. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून घनता मोजता येत नाही.

दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, तर आपल्याकडे क्षयाची शंका आधी घ्यावी लागते. जुन्या क्षयात ग्रंथी आक्रसून त्यांत चुना साचतो. ताज्या क्षयातली सूज मात्र दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगासारखी दिसते आणि तिथे बऱ्याचदा सुईने तुकडा काढून पाहावा लागतो. त्याआधी रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिन तपासून फिओक्रोमोसायटोमा ही रक्तदाब वाढवणारी संप्रेरके स्रवणारी गाठ नाही याची खात्री करतात, कारण त्या गाठीला सुई लागली तर रक्तदाब एकाएकी जिवावर बेतेल इतका चढू शकतो. गाठ संप्रेरके जास्त स्रवते का, हेही स्कॅन सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.