नाक्यावरची दोरी

आमच्या गावच्या जकात नाक्यावर मी कारकून होतो. आडवा बांबू, कंदील, पावतीपुस्तक. गुळाची गाडी आली की ढेपा मोजायच्या, पावती फाडायची, मग बांबूची दोरी सोडायची. त्या रोकडीतून सफाई कामगारांचे पगार निघत. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, बदल्यात सरकारी अनुदान आलं. महापालिकांत २०१० पासून जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, येऊ लागला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरली. नाक्यावर खोळंबा होता, चिरीमिरीही होती, नाकारत नाही. पण तूट आली की आम्ही रात्रीची गस्त वाढवायचो. आता पालिकेत अनुदानाची वाट पाहतात. म्हणून सांगतो, घरपट्टी वेळेवर भरा. गावाच्या हक्काचा पैसा मुख्यतः तोच उरलाय.