नाणेघाटांतील करमणूक

पावसाळा लागला कीं महाविद्यालयीन तरुणांच्या टोळ्या टोकावड्यावरून नाणेघाटाकडे निघतात. सुटीच्या करमणुकीसाठीं ही निवड उत्तमच. परंतु घाटमाथ्यावरील लेण्यांत थांबतात किती जण? तेथें सातवाहन राणी नागनिकेचा, सुमारें दोन सहस्र वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाईंची व कार्षापणांची त्यांत अंकांनिशीं नोंद आहे. राजपरिवाराच्या मूर्ति नाहींशा झाल्या. वरचीं नांवें तेवढीं उरलीं. या लेखांतील अंकांवर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं महाविद्यालयाची पायरी कधीं चढलेली नव्हती. मग आमच्या पदवीधरांनीं त्या भिंतीला नुसती पाठ टेकून परतावें काय? निदान एक अक्षर ओळखून यावें; तीहि करमणूकच आहे, आणि ती पावसाबरोबर ओसरत नाहीं.