जोशी परिणाम : प्रकाशाने क्षीण होणारा विद्युत्प्रवाह

प्रकाश पडला असता पदार्थातून वाहणारा विद्युत्प्रवाह वाढतो, ही धारणा विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये सेलेनियमविषयी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणापासून दृढ होत गेली. प्रकाशामुळे विद्युत्‌भार मोकळे होतात आणि भारांची संख्या वाढली की प्रवाह वाढतो, असा तो सरळ हिशेब होय. या हिशेबात न बसणारे एक निरीक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक श्रीधर सर्वोत्तम जोशी यांनी १९३९ च्या सुमारास ‘करंट सायन्स’मधून मांडले.

ओझोन तयार करण्यासाठी वापरतात तशा दुहेरी काचनळीत क्लोरीन वायू भरून तीतून प्रत्यावर्ती विद्युद्विसर्जन चालू ठेवले आणि नळीवर साधा दृश्य प्रकाश टाकला, तर प्रवाह तत्काळ घटतो. प्रकाश दूर करताच तो पूर्ववत् होतो. हाच ‘जोशी परिणाम’ होय.

जोशी यांची उपपत्ती अशी की, काचेच्या भित्तीवर वायूचा एक अधिशोषित स्तर बनतो व प्रकाशाने त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. क्लोरीनचे इलेक्ट्रॉन-आकर्षण सर्व मूलद्रव्यांत अधिक असल्याने ते इलेक्ट्रॉन ताबडतोब पकडले जातात. उत्पन्न होणारा ऋण अयन इलेक्ट्रॉनाच्या सुमारे ६५,००० पट जड असतो. तो मंदगतीने सरकतो आणि प्रवाह रोडावतो. या परिणामाचे मूळ भित्तीवरील स्तरात शोधावे की वायूच्या अंतर्भागात, हा मात्र वादाचा विषय झाला. ऑक्सफर्ड येथे हॅरिस व फॉन एंगल यांनी १९५१ व १९५४ मधील निबंधांत त्याची स्वतंत्र चिकित्सा केली.

पुढे विद्युद्विसर्जनाचा हा विषय मागे पडला. त्यातील विचार मात्र अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या स्तरमय अर्धसंवाहकाच्या एकाच रेणुस्तरावर प्रकाशस्पंद टाकला असता त्याची संवाहकता क्षणभर मूळच्या ३० टक्क्यांपर्यंत उतरते, असे २०१४ मध्ये आढळले. तेथे प्रकाशजन्य इलेक्ट्रॉन-विवर युग्म आधीच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनाशी जखडले जाऊन ‘ट्रायॉन’ बनतो, आणि भारवाहकाचे परिणामी वस्तुमान वाढते.

वायू व स्फटिक यांतील या दोन घटनांच्या यंत्रणा एक नव्हेत. तथापि दोहोंचा बोध समान आहे : प्रवाह केवळ भारांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या चलनक्षमतेवरही अवलंबून असतो. प्रवाह घटल्याचे दिसताच उपकरणास दोष देण्यापूर्वी संशोधकाने याचे स्मरण ठेवणे इष्ट होय.